कडू न लागलेला पाला

तान्हा पोळा, २००३. घरी हजर: मी, सासूबाई, धाकटा दीर आणि आठ वर्षांची लेक. नवरा हिंगणघाटला कामावर.

त्या दिवशी गावातली मुलं नटून, लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझी लेक आफ्रिकेतला राजा होणार होती. शाळेतून तिनं त्याच्या आयुष्याचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यातलं एक पान तिला पाठ होतं: राजा सैनिकांना चपला फेकायला लावतो, काट्यांवर नाचवतो आणि ज्याच्या तोंडावर दुखणं दिसेल त्याला काढून टाकतो. सूप झालं ढाल, तुराटी झाली भाला. डोक्याला खोवायला गवताचे तुरे हवेत म्हणून ती अनवाणीच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेली.

आली ती लंगडत. घोट्याजवळ रक्ताचे दोन बारीक ठिपके, शेजारी शेजारी.

"काय चावलं?"

"काई नाई. काटा असन."

"पाह्यला का काटा?"

"नाई."

सासूबाईंनी अंगणातल्या कडुनिंबाचा पाला ओरबाडला. सापाचा संशय आला की आमच्याकडे हीच पहिली परीक्षा. पाला कडू लागला तर ठीक, नाही लागला तर विष चढलं.

"चाव वं माय. कडू लागते काय?"

लेकीनं पाला चावून गिळला. चेहरा जराही हलला नाही. "नाई लागत."

"अजून चाव."

"गोड लागते," ती म्हणाली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. मी दिराला जीप आणायला पिटाळलं, तिचा पाय हलू नये म्हणून फळीला बांधला. वर्ध्यापर्यंत मी फक्त तिच्या पापण्या बघत होते. मिटल्या की हाक.

"काऊन रडून राह्यली वं आई?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय धुतला, रक्त घेतलं. पाल्याचं ऐकून त्यांनी तिलाच विचारलं, खरंच कडू नव्हता?

"लय कडू होता. पण राजा तोंड वाकडं करते काय?"

"राजेसाहेब, आजीचा जीव घेतला असता ना तुमी!" दीर मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, काटेच असतील, पण खात्री देत नाही, उद्यापर्यंत इथंच ठेवा.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती चालत घरी आली. पण काय टोचलं ते कोणालाच कळलं नाही. ती तुरे तोडत होती तिथं धुऱ्यावर दगडांचा जुना ढीग आहे. तो उपसून खाली बघायचं आम्ही दर उन्हाळ्यात ठरवतो. अजून एकही दगड हललेला नाही.