भाचीचं रडणं

माझी भाची मेंढ्यांची लोकर कातरते. तिच्या हाताखाली मेंढी गपगुमान पडून राहते, आणि माणसांची बोलती बंद होते. काळीज दगडाचं आहे म्हणतात तिचं. म्हणू देत. तो दगड कुणी केला ते मला विचारा.

आमच्या या डोंगरावर एरवी कुणी फिरकत नाही. पण ती शाळकरी पोर असताना इथे सिनेमावाले आले. एक मुलगी मोठी होते, अशी काहीतरी गोष्ट. दिग्दर्शकाने हिलाच निवडलं. शेवटी रडायचा प्रसंग होता आणि हिला काही केल्या रडू येईना. तेव्हा त्या मेल्याने कॅमेरा सुरू करून तिला सांगितलं, "तुझे बाबा कड्यावरून पडले. गेले." माझा भाऊ तेव्हा वर मेंढ्यांमागे होता. इथे फोनला रेंज फक्त खिंडीत, खरं-खोटं करणार कसं? पोरीने हंबरडा फोडला. तो सगळा टिपून झाल्यावर हा हसत म्हणाला, "अगं, गंमत केली. छान झालं."

त्या रडण्याचं म्हणे फार कौतुक झालं.

पुढे भाऊ खरंच गेला, तापाने. ही उशाशी नुसती बसून, डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजायला लागल्या. मला म्हणाली, "आत्या, बाबांसाठीचं रडणं तो माणूस घेऊन गेला गं. आता येतच नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा तो पुन्हा आला, गाडी आणि ड्रायव्हर खिंडीत ठेवून. त्याला आता त्याच मुलीची पुढची गोष्ट करायची होती. लवकर हो म्हण, घरी आई एकटी आहे, म्हणाला. भाची "बघते" म्हणाली आणि लोकरीचं गाठोडं घेऊन खिंडीत गेली. आली ती धापा टाकतच.

"तुमचा ड्रायव्हर भेटला वर. घरून फोन आलाय. तुमची आई गेली."

त्याच्या हातातला कप पडला. लोकरीच्या ढिगावर बसून तो लहान पोरासारखा रडला. मीही हादरले. भाची समोर बसून त्याचं तोंड निवांत बघत होती.

मग म्हणाली, "गंमत केली. छान झालं."

तो ठेचकाळत खिंडीकडे पळाला. तिला दटावायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"आता तरी रडू येतंय का गं?"

तिने पुढची मेंढी ओढून घेतली. "नाही. पण आई खरंच जाईल तेव्हा त्यालाही येणार नाही."