धाकटी कधी काही मागत नाही

माझी धाकटी जाऊ आमच्या विद्यापीठात माहिती सुरक्षा अधिकारी आहे. हे मी आजवर अनेकांना हसतमुखाने सांगितलं आहे आणि दर वेळी माझ्या पोटात दुखलं आहे. त्याच विद्यापीठात मी परीक्षा विभागाची अधीक्षक. ती नोकरीला लागली तेव्हा मी तिथे मुरलेली होते. घरात मी मोठी, ऑफिसात मी जुनी, आणि दोन्हीकडे लोक आधी विचारतात, ‘‘धाकट्या बाई कुठे आहेत?’’

दिसायला काही विशेष नाही हो. सडपातळ, चष्मा, केस मानेवर आवळून बांधलेले, पायात आवाज न करणारे बूट. ती मागे येऊन कधी उभी राहते ते कळत नाही, आणि कळतं तोवर मॉनिटरला चिकटवलेला पासवर्डचा कागद तिच्या मुठीत गेलेला असतो. ऑफिसात तिला ‘कुलूपबाई’ म्हणतात. हे नाव मीच पाडलं, चांगलं झोंबावं म्हणून. लोक ते कौतुकाने घ्यायला लागले आणि तिने तर दारावरच्या पाटीखाली कुलपाचं चित्र लावून टाकलं. आता अशा बाईचं काय करायचं?

तिच्या कामात मात्र बोट ठेवायला जागा नाही, आणि मी शोधलेली आहे. विद्यापीठ म्हणजे शंभर दारांचं घर. प्रत्येक विभागाला आपलं दार उघडं हवं असतं. रसायनवाल्यांनी टेबलाखाली स्वतःचा सर्व्हर लपवला होता, त्यावर कुणाचे सिनेमे होते ते ती सभ्यपणे बोलली नाही. ग्रंथालयाचे पासवर्ड चोरून कुणीतरी बाहेर विकत होतं, ते तिने बंद केलं. इतिहासाचे विभागप्रमुख तिच्यावर ओरडले, ‘‘बाई, हे विद्यापीठ आहे, बँक नाही!’’ ती म्हणाली, ‘‘हो सर, बँकेत एवढी माहिती नसते,’’ आणि त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांचं मशीन दुरुस्त करून गेली. त्यानंतर ते सर तिचे भक्त झाले.

एकदा तिने सगळ्यांना परीक्षा म्हणून खोटी ईमेल पाठवली. ‘पार्किंगच्या जागांचं नवं वाटप, आपली जागा पाहण्यासाठी इथे दाबा.’ पगाराची ईमेल न उघडणाऱ्या प्राध्यापकांनीसुद्धा धडाधड दाबलं. मी दाबलं नाही. माझ्याकडे गाडीच नाही हे कारण असलं तरी मी दाबलं नाही हे खरंच ना? पण नंतरच्या सूचनेत माझं नाव नव्हतं. ‘काही सहकारी सावध राहिले’ एवढंच होतं. मी त्या ‘काहीं’मध्ये.

आणि माझं काय गेलं ते ऐका. ती यायच्या आधी गुण भरायचा पासवर्ड विसरलेला प्राध्यापक मला फोन करायचा. नाव सांगायची गरज नसे. मी आवाजावरून माणूस ओळखायचे. ‘‘बाई, पुन्हा घोळ झाला,’’ की मी इथून बदलून द्यायचे. माझ्या टेबलापाशी सकाळपासून वर्दळ असायची. धाकटीने नियम काढला: फोनवर काही बदलून मिळणार नाही, ओळखपत्र घेऊन स्वतः या. ‘‘ताई, आवाजाची आता खोटी नक्कल करता येते,’’ ती मला समजावत होती. मला! माझा फोन वाजायचा थांबला. तिच्या दारापाशी रांग लागली.

घरी तीच तऱ्हा. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती आमच्या वरच्या मजल्यावर. सासूबाई आमच्याकडे, पण त्यांचे कान जिन्याकडे. त्यांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या, माझ्या मुलाचा लॅपटॉप, सगळं तीच बघते. मी तिचं काही बघावं तर ती संधीच देत नाही. शेजारीपाजारी वाटीभर साखर मागतात. ही कधी मागत नाही. तिची मुलगी तापाने फणफणली तेव्हाही सुट्टी काढून एकटी बसली, ‘‘ताई, जरा थांबता का’’ म्हणाली नाही. लोकांना वाटतं मी तिच्या हुद्द्यावर जळते. जळते, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मला एकच गोष्ट हवी होती. तिचं एकदा तरी माझ्यावाचून अडावं, आणि ते तिने तोंडाने सांगावं.

तर निकाल कुलूपबंद व्हायचा तो दिवस. गुण एकदा नोंदवले की बदलायचे नाहीत. बदलायचेच झाले तर माझ्या फोनवर आकड्यांचा एक कोड येतो आणि तो मी माझ्या हाताने टाकायचा, कुणालाही सांगायचा नाही. ही व्यवस्था धाकटीचीच. शेवटची किल्ली माझ्याकडे दिली ती माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे, अधीक्षकाकडेच द्यावी लागते म्हणून.

दुपारी फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. उचलला तर तिचाच आवाज, पण रडवेला.

‘‘ताई, मी बोलतेय. मी फार अडचणीत आहे. माझ्या हातून निकालात गडबड झालीये, आणि कुलगुरूंना कळायच्या आत दुरुस्त करायचीये. तुमच्या फोनवर कोड येईल तो सांगता का? तुमच्याशिवाय मी कुणाकडे बघू?’’

खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कानात पडत होतं. कोड आला. मी चष्मा लावला आणि मायेने वाचायला घेतला, ‘‘चार... सात...’’

‘‘थँक यू ताई,’’ पलीकडून मध्येच आलं, ‘‘तुमचे उपकार मी कसे फेडू?’’

मी थबकले. उपकार? माझी धाकटी? ही बाई पाय मुरगळला तरी लंगडत एकटी जिना चढेल, माझा खांदा मागणार नाही. तिचा आवाज होता, ‘ताई’ म्हणणंही तिच्यासारखंच होतं, पण ती माझी धाकटी नव्हती. मी फोन आपटला आणि तशीच तरातरा मुख्य इमारतीत गेले. ती बैठकीत बसली होती. फोन समोर पालथा, दोन्ही हात वहीवर.

‘‘तू आत्ता मला फोन केलास?’’

‘‘नाही, ताई.’’ आणि माझा चेहरा बघून ती उभी राहिली.

मग पळापळ झाली. आमच्याच विभागातल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला होता. चोर निकालापर्यंत पोचला होता आणि फक्त माझ्या कोडसाठी अडून बसला होता. तो पूर्ण कोड गेला असता तर हजारो मुलांचे गुण त्याच्या हातात होते. धाकटीने सगळी दारं लावून घेतली आणि चोराने तिचा आवाज कुठून आणला तेही शोधलं. नंबर तर कुणाचाही खोटा दाखवता येतो म्हणे. तिने सुरक्षेवर एक तासाचं व्याख्यान दिलं होतं, ते तिनेच विद्यापीठाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी ठेवलं होतं. त्यात ‘परीक्षा विभागातल्या आमच्या ताई’ असा माझा उल्लेखही होता. सुरक्षा शिकवायच्या भाषणातून चोराला आवाजही मिळाला आणि नातंही. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. येऊ दिला नाही म्हणजे, प्रयत्न केला.

संध्याकाळी कुलगुरूंच्या केबिनमध्ये सगळे बसलो. त्यांनी चोराचा आवाज कसा होता ते विचारलं. मी म्हटलं, हुबेहूब.

‘‘मग तुम्ही ओळखलंत कसं?’’

सगळे माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी!

‘‘सोपं आहे, सर,’’ मी म्हणाले. ‘‘त्याने माझ्याकडे मदत मागितली. ही कधी मागत नाही.’’

केबिनमध्ये हशा पिकला. कुलगुरूंनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. धाकटी हसली नाही. व्याख्यानाची चूक तिने सर्वांसमोर कबूल केली, आणि अहवालात ‘परीक्षा अधीक्षकांमुळे निकाल वाचला’ असं माझ्या हुद्द्यासकट लिहिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघीच उरलो. मला राहवेना.

‘‘का गं? वाटीभर साखरही कधी मागावीशी वाटली नाही तुला? मी काय परकी आहे?’’



‘‘मागितलं होतं ना, ताई. नवीन लग्न झालं होतं. इथल्या मुलाखतीला जायला धड पर्स नव्हती, तुमची नेली होती.’’

‘‘मग? दिली नव्हती का मी?’’

‘‘दिलीत की. पण नंतर वर्षभर मी ज्याला भेटेन त्याला ती पर्स ठाऊक असायची. शिपायालासुद्धा. तुमच्या पर्सनेच मला नोकरी मिळाली म्हणायचे सगळे.’’ ती रागावलेली नव्हती, तेच मला लागलं. ‘‘आज निकाल वाचवलात, ताई. मनापासून आभार.’’

ती गेली. मी तिथेच उभी. फोन माझ्या हातातच होता. केबिनमधून बाहेर पडतानाच मी बहिणीला फोन लावायचा म्हणून नंबर काढून ठेवला होता. चोर कसा ओळखला, आणि एवढी हुशार धाकटी आपल्याच भाषणात कशी अडकली, हे तिला आधी सांगायचं होतं. नकळत माझा अंगठा त्यावर पडला असावा. फोन लागला.

‘‘बोल,’’ बहीण नेहमीसारखी म्हणाली, ‘‘आज काय केलं तुझ्या धाकटीने?’’