पेवातली हवा

मामांचा श्वास झोपेतच थांबला, असं त्यांच्या मुलानं, महेशदादानं फोनवर सांगितलं. मी त्यांच्या गावी, बेंबळीला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मामा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शेती बघायचे. त्यांच्या अंगणात जमिनीखाली ज्वारी साठवायचं पेव होतं. विहिरीसारखं खोल, अरुंद तोंडाचं, वर फरशी आणि मातीचं लिंपण. मी आठवीत असताना त्यांनी मला त्या फरशीला कान लावायला सांगितलं.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही, मामा."

"पण आत सगळे श्वास घ्यायलेत गं. दाणा न् दाणा जिता हाय."

माझ्या इंग्रजी शाळेत पेशीच्या श्वसनाचं समीकरण मी पाठ केलं होतं. मामांनी तेच साधं करून सांगितलं. पेशी साखर आणि प्राणवायू घेते, त्यातून जगायला लागणारी ऊर्जा मोकळी करते. थोडी ऊब सुटते, मागं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. "आपणबी तेच करतो. पण आपल्याला दार हाय, त्यांना न्हाय. आतली हवा ते खाऊन टाकत्यात." त्यानंतर त्या फरशीवरून जाताना मी पाय जपून टाकायचे.

पेव उघडलं की मामा ते दिवसभर तसंच ठेवत, मग दोरीनं कंदील आत सोडत. ज्योत टिकली तरच माणूस उतरायचा.

मामांच्या मासिक श्राद्धाच्या जेवणाला मामीला त्याच ज्वारीच्या भाकरी हव्या होत्या. महेशदादानं सकाळी फरशी सरकवली. आंबूस, जड वास वर आला. कंदील शोधायचा कंटाळा करून त्यानं दोरीला बॅटरी बांधून खाली सोडली. ज्वारी लख्ख दिसली.

"बघा, चांगली जळायली की! अण्णा असते तर संध्याकाळपर्यंत बसवलं असतं," असं म्हणत त्यानं पाय आत सोडले. सगळे हसले.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी म्हणाले, "दादा, थांब. बॅटरीला प्राणवायू लागत नाही."

"आली मोठी मास्तरीण!"

मी त्याचा दंड धरला आणि सोडला नाही. मामी आत गेली, कंदील पेटवून घेऊन आली. तो तोंडापासून थोडा खाली गेला आणि ज्योत विझली. फडफडलीसुद्धा नाही... कुणीतरी अलगद गिळावी तशी. त्याच्याखाली बॅटरी मात्र तशीच जळत होती, आणि त्या उजेडात ज्वारी स्वच्छ दिसत होती.

महेशदादानं पाय वर घेतले. "सगळं दिसत होतं की गं..." एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंदील ज्वारीला टेकेपर्यंत ज्योत टिकली. तो उतरला, पहिली पाटी वर आली. कडेच्या ज्वारीला जरा ओल लागली होती. मी हात घातला. आत ऊब होती, माणसाच्या अंगाला असते तशी.

"ह्यांनी सोताच्या हातानं भरली व्हती," मामी म्हणाली.

मी हात लगेच काढला नाही.