बोललेला दर

"जो दर बोलला, त्यानंच माल घ्यावा," असं हरेश भोपी एकदा उरण नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर पुढं त्याचा सगळा संसार उभा राहिला.

झालं होतं असं. मुंबईचे एक गृहस्थ करंजाड्याचा एक प्लॉट बघायला आले होते. घ्यायचा नव्हताच त्यांना, रविवार घालवायचा होता. चहा पिता पिता निव्वळ ऐट म्हणून ते बोलून गेले, की असल्या प्लॉटला मी तर डोळे झाकून पन्नास लाख देईन. मालक चाळीसला तयार होता. हरेशनं त्यांच्या हातातला कप अलगद काढून घेतला, टपरीवरच्या चौघांना साक्षीला बोलावलं आणि म्हणाला, "शेठ, झाका डोळे." संध्याकाळपर्यंत गृहस्थांनी टोकन दिलं होतं.

चंद्रावतीनं ही गोष्ट भावाच्या तोंडून हळदीत ऐकली, बारशात ऐकली, एकदा तर मयताला जमलेल्या बायकांत बसून ऐकली. दर खेपेला पन्नासाचे पंचावन्न, पंचावन्नाचे साठ होत. प्लॉट विकून झाला होता तरी गोष्टीतला दर वाढतच होता.

हरेश पनवेलला प्लॉटचा धंदा करायचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि गळ्यात अशी साखळी की लांबून माणूस कुठं संपतो आणि सोनं कुठं सुरू होतं ते कळू नये. त्याचं गाव विमानतळात गेलं. जिथं त्यांच्या आईची चूल होती तिथून आता विमानं उठतात, आणि ज्या टेकडीआड सूर्य मावळायचा ती टेकडी सपाट झाल्यामुळं संध्याकाळ जरा उशिरा होते. हरेशला त्याचं दुःख नव्हतं. तो गिऱ्हाइकाला वरचं विमान दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, आमच्या ओटीवरनं चाललंय."

दर सांगण्याची त्याची एक रीत होती. ती चंद्रावतीच्या फार उशिरा ध्यानात आली. तो कधीही "मी" म्हणायचा नाही. "बाजार दीड कोटी बोलतो." "लोक बोलतात, दोन वर्षांत डबल." "पार्टी बोलतेय, पण मालक ऐकत नाय." सगळं जग बोलायचं, हरेश तेवढा गप्प. आणि जो बोललाच नाही त्याला कुणी धरणार कसं? प्लॉट वाईट आहे असंही त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. अगदीच पाण्यात असलेल्या जमिनीबद्दल विचारलं, तर तो म्हणायचा, "थांबा थोडं." जाणकारांना तेवढं पुरायचं. बाकीचे थांबायचे.

पण बहिणीच्या बाबतीत तो सरळ होता. गावोगावी भावांनी बहिणींना साड्या नेसवून हक्कसोडावर अंगठे घेतले. हरेशनं नाही घेतला. वडिलांच्या नावचा प्लॉट विकला तेव्हा तिचा हिस्सा त्यानं बँकेत नेऊन तिच्या खात्यात भरला, आणि मग चारचौघांत इतक्यांदा सांगितलं की चंद्रावतीला वाटलं, यापेक्षा साडी बरी होती.

त्या पैशाचं तिचं ठरलेलं होतं. ती उरणजवळच्या बंदरावर, मोऱ्याला दिलेली. नवरा महादेव जेट्टीवर लाँचच्या दोऱ्या सांभाळायचा. तिनं उलव्यात एक गाळा बघून ठेवला होता. समोर चार इमारती उठत होत्या, दुपारी पिवळ्या टोप्यांची नुसती रांग लागायची, आणि त्या रांगेला गरम भाकरी देणारं कुणी नव्हतं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वाटीभर कालवण. नावही ठरलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पैसे गाळ्याला पुरत होते, पण वरच्या सामानाला थोडे कमी पडत होते.

त्या थोड्यावरच हरेशनं बोट ठेवलं. एका दुपारी तो मोऱ्याला आला आणि फोन तिच्या नाकाशी धरून म्हणाला, "चंद्रे, वाच काय लिवलंय."

"तूच वाच. माझे हात पिठाचे हायत."

"स्ट्राँग बाय! बघ, तुझंच नाव घेतलंय."

"मंग मना इचारलं का नाय?"

"अगं, बाय म्हंजे इंग्लिशमदी घ्या. सागरवाट लॉजिस्टिक्स. न्हावा शेव्याला कंटेनरचा यार्ड हाय बघ, तो निळा. आज शेअर आठशेला हाय. टार्गेट बाराशे. वर्षाच्या आत."

"कोन बोलला?"

"नऊ मानसं बसलीत अभ्यास करायला. नवातले सात बोलतात बाय, दोघं बोलतात होल्ड. इका म्हननारा एक पन नाय."

चंद्रावतीला तिथंच थोडं खटकायला हवं होतं. पालखी कुठल्या आळीतून न्यावी यावर गावातल्या नऊ माणसांचं एकमत तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांपुढं गॅसची मोठी शेगडी आली, स्टीलचं टेबल आलं. ती म्हणाली, "ते नऊ जाऊंदे. मी त्यांना वलखत नाय. तू काय बोल्तंस?"

आणि हरेश, ज्यानं आयुष्यात पाव गुंठ्याचा दरसुद्धा स्वतःच्या तोंडानं सांगितला नव्हता, छातीवरची साखळी सारखी करत म्हणाला, "मी बोलतो, बाराशे."

पैसे गेले.

सुरुवातीला मजा होती. शेअर नऊशेवर गेला, आणि नऊही जणांनी टार्गेट चौदाशेला नेलं. हरेशनं मोऱ्याला पेढे पाठवले. तिला नवल वाटलं. शेअर वर चढला की टार्गेट त्याच्यापुढं धावतं, जणू पोरापुढं केळं धरून कुणी त्याला चालायला शिकवतंय. मग शेअर बसला. आठशे, सातशे, सहाशे. टार्गेटही खाली आलं, पण तसंच चार पावलं पुढं राहून, शेअरकडं बघत, मागं मागं सरकत. चौदाशे बोललेला माणूस आता साडेसातशे बोलत होता आणि वर लिहीत होता, की आमचा विश्वास कायम आहे.

एक दिवस हरेशचा फोन आला. आवाज बारीक होता.

"चंद्रे, आता होल्ड सांगितलंय."

"होल्ड म्हंजे?"

"धरून ठेव."

"काय धरून ठेवू?"

"धीर," तो म्हणाला.

गाळेवाला काही धीर धरणारा नव्हता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग मोमोवाल्याला देतो, असं त्यानं साफ सांगितलं. शेअर तेव्हा चारशेवर आला होता. विकला तर गाळ्याचा अर्धाच येत होता.

त्याच आठवड्यात पनवेलच्या एका हॉलमध्ये शेअर दलालीच्या एका कंपनीनं गुंतवणूकदारांचा मेळावा ठेवला. नवांपैकी एक जण स्वतः येणार होता. हरेशचा चेहरा उजळला. "आता बघ," तो बहिणीला म्हणाला. "एवढे दिवस तो फोनात लपला होता. आता समोर येतोय. तू नुसती चल. तुझ्या समोर त्याला बाराशेला घ्यायला लावतो."

हॉलमध्ये वातानुकूलन इतकं होतं, की लोक गुंतवणुकीपेक्षा थंडीनं आखडून बसले होते. दारात प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी घातली. चंद्रावतीच्या पट्टीवर नुसतं 'इन्व्हेस्टर' छापलं होतं. तिच्या उभ्या जन्मात तिला मिळालेली ती पहिली पदवी. मंचावर देवेश नावाचा एक कोवळा, नम्र मुलगा उभा होता. त्याला पाहून तिला रागच येईना. असल्या पोराला ती दुसरी भाकरी वाढून वर तूप सोडेल. आणि याच्या तोंडून निघालेल्या आकड्यासाठी समुद्राकाठच्या एका बाईनं आपली शेगडी विकत घ्यायची लांबवली होती.

देवेशनं पडद्यावर बरेच बाण दाखवले. सगळे वर जात होते. कुणीतरी विचारलं, की तुम्ही विका असं कधीच का लिहीत नाही. तो हसला. "सर, विका लिहिलं की कंपनी पुढच्या वेळी भेटीला बोलवत नाही. मग माहिती कुठून आणणार? म्हणून आम्ही होल्ड लिहितो. समजणाऱ्याला समजतं."

थांबा थोडं, चंद्रावतीच्या मनात आलं. तिनं शेजारी पाहिलं. हरेशही पडद्याकडं बघत होता, पण धंद्यातला जुना माणूस भेटल्यासारखं क्षणभर त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. मग त्यानं हात वर केला आणि माइक मागून घेतला.

"मी हरेश भोपी. जमिनीच्या धंद्यात आहे. साहेब, सागरवाटला बाराशे कोण बोललं होतं?"

"आमचं टार्गेट होतं सर, हो."

"तुम्ही स्वतः?"

"रिपोर्टवर माझं नाव आहे."

हरेश लोकांकडं वळला. तो आता उरण नाक्यावर होता. "आमच्या पनवेलमध्ये एक पद्धत आहे, साहेब. जो दर बोलला, त्यानंच माल घ्यावा. आम्ही तुम्हाला चौदाशेवर धरत नाही. बाराशेला घ्या. सगळे शेअर बरोबर आणलेत. डोळे झाका!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. मागून कुणी शीळ घातली, कुणी ओरडलं, "माझे पन घ्या रे!" आखडलेले लोक एकदम मोकळे झाले. देवेशही हसला आणि त्यानं शेवटचं पान पडद्यावर आणलं. मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक अक्षरं होती.

"काका, टार्गेट म्हणजे अंदाज असतो. कमाई एवढी वाढली, व्याज तेवढंच राहिलं, धंद्याला बाजार कमाईच्या अमुक पट भाव देत राहिला, तर. यातला एक 'तर' चुकला की आकडा चुकतो. म्हणून नुसता आकडा बघायचा नसतो, त्याच्या पोटातले 'तर' वाचायचे असतात. आणि तो शब्द नसतो, काका. मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा भेटतोय. मी तुम्हाला कधी बोललो, घ्या म्हणून?"

"लिहिलं होतं ना!"

"जगासाठी लिहिलं होतं. तुमच्यासाठी नाही."

लोक पुन्हा हसले. या वेळी हरेशला. त्यानं पुन्हा माइक तोंडाशी नेला. तेव्हा चंद्रावतीनं खालूनच त्याच्या हातातला माइक काढून घेतला. अगदी अलगद, भरला कप काढून घ्यावा तसा.

"ओ पोरा, तू बस," ती मंचाकडं बघून म्हणाली. "तुज्याशी माझं काय नाय. मी तुला आजच बघतेय." मग ती उठली आणि भावाकडं वळली. माइक तोंडाजवळच राहिला होता आणि तिचा आवाज चारी भिंतींवरून परत येत होता. "दादूस, मना बाराशे कोन बोल्ला?"

हॉलमध्ये कुणी हसलं. तिनं तिकडं बघितलंही नाही.

"बाजार बोल्ला नाय. लोक बोल्ले नाय. ते नऊ पन नाय, मी त्यांना त्याच येली बाजूला केलं. मी इचारलं, तू काय बोल्तंस. तू काय बोल्लास?"

"चंद्रे, इथं नको."

"इथंच. तुला चार साक्षीदार लागतात, इथं चारशे हायत. माझा गाळा उद्या परवा मोमोवाल्याला जातो. दर तू बोल्लास. 'मी' बोल्लास. मंग घे माल."

हरेशनं देवेशकडं पाहिलं. देवेश आपल्या कागदांत बघत होता. मग हरेशनं पडद्याकडं पाहिलं. तिथं ती बारीक अक्षरं तशीच होती, आणि सगळ्या हॉलला ती लागू होती, एकट्या त्याला सोडून. त्याच्या स्वतःच्या बोलण्याखाली असलं पान त्यानं जन्मभर न छापता वापरलं होतं, आणि नेमकं मोऱ्याच्या त्या दुपारी घरी विसरला होता.

त्याचा हात गळ्याशी गेला. आधी त्यानं नावाची पट्टी काढली आणि खुर्चीवर ठेवली. मग दोन्ही हात मानेमागं नेऊन साखळीचा फासा चाचपून सोडवला. पट्टीपेक्षा त्याला थोडा जास्त वेळ लागला. साखळी त्यानं बहिणीच्या मोकळ्या हातात सोडली, पिशवीत भाजी टाकावी तशी, आणि खुर्च्यांच्या रांगेतून, लोकांचे गुडघे चुकवत, दारातल्या मुलीनं पुढं केलेली भेटीची पिशवी न घेता बाहेर पडला.