दसऱ्याला घेतलेली डिस्क

आमच्या वरच्या मजल्यावर नेमकं काय चालतं, हे खाली झेंडूचे क्रेट भरणाऱ्या बायकांना कधी कळलं नाही. त्यांचं सोडा, बँकेतल्या साहेबांनाही कळलं नाही. खातं उघडायला गेले तेव्हा त्यांनी संस्था कशाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, नवमाध्यमांचं कलाकेंद्र. त्यांनी जरा विचार केला आणि फॉर्मवर 'कॉम्प्युटर क्लास' असं लिहिलं. मी वाद घातला नाही. तेव्हापासून नातेवाइकांतही मी क्लासवालीच आहे आणि सगळ्या भाच्यांचे बिघडलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात.

नाशकात मखमलाबाद रोडला माझ्या सहकाऱ्याच्या घरच्यांचं फुलांचं गोदाम आहे. त्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तो अंबडला एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा, मी कॉलेजात शिकवायची. दोघांनी नोकऱ्या सोडल्या त्या वर्षी दोन्ही घरांत आमच्या अकलेचा पंचनामा झाला. आम्ही आवाजांची, चित्रफितींची, यंत्रांची कामं करायचो. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पाण्याची पातळी वाढली की सूर बदलणारं एक यंत्र आम्ही मोठ्या हौसेनं घाटावर बसवलं होतं. पहिल्याच पुरात ते सूर न बदलता वाहून गेलं.

अशीच खटपट करणारी माणसं मला एकदा परदेशात एका कार्यशाळेत भेटली. प्रत्येकाचं गाव वेगळं, रडगाणं एकच: आपल्या गावात आपण काय करतो हे कुणालाच कळत नाही. शेवटच्या दिवशी चहा पिताना ठरलं, की एकमेकांना तरी कळू द्यावं. त्यातून आमचं जाळं विणलं गेलं. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, शिक्का नाही. अध्यक्षच नसल्यामुळे भांडणं कमी आणि कामं बरी होत. हळूहळू अकरा देशांतली अकरा केंद्रं झाली.

नियम लिहिलेले नव्हते, पण दोन रिवाज पडले होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी जोडलं जायचं, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक केंद्रानं आपल्या रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज ऐकवायचा. माइक चालतो का हे बघण्यासाठी कुणीतरी ते सुरू केलं आणि मग ते मोडवेना. आमच्या मिनिटात खाली क्रेट आपटायचे आणि टेम्पो मागे येताना वाजायचा. ज्याचं मिनिट आलं नाही त्याची सगळे काळजी करायचे.

दुसरा रिवाज असा, की प्रत्येक केंद्रानं दुसऱ्या एका केंद्राचं सगळं काम आपल्याकडे सांभाळायचं. मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन गोदामात आपला माल ठेवायचा नाही, हा आमचा हट्ट होता. कुणाचं घर जळलं, बुडालं, कुणी कुलूप ठोकलं, तरी त्याचं काम जगात दुसरीकडे कुठेतरी शाबूत असावं.

माझं माहेर तीर्थोपाध्यांचं. घरात नामावळीच्या वह्या. कुठल्या कुठल्या गावची माणसं गंगेवर पिंड द्यायला यायची, आणि वडील त्यांच्या पणजोबाची सही काढून दाखवायचे. मोठमोठे बाप्ये त्या सहीवर बोट ठेवून रडायचे. आमचं जाळं वडिलांना समजावून सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. ते म्हणाले, म्हणजे नामावळीच की, फक्त यजमान साहेबलोक आहेत. सगळ्या नाशकात माझं काम कळलेला तो एकच माणूस. दाराशी यजमान आला की जेवणाच्या पानावरून उठून ते नोंद करायचे. 'पुढच्या खेपेला लिहू' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते गेले याचं मला आता एका बाजूनं बरंच वाटतं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

जाळं विणायला दहा वर्षं लागली, उसवायला तीन. कुठे भाडं परवडेना, कुठे सरकार बदललं, कुठे चालवणाराच थकला आणि भावाच्या हॉटेलात कामाला लागला. अधूनमधून एखाद्या शनिवारी एक मिनिट कमी व्हायचं. पाच केंद्रं उरली तेव्हा मी भिंतीवरचा नकाशा काढून टाकला. तो बघवत नव्हता. चिवटपणे धरून राहिले, कारण सोडून दिलं तर आयुष्याची पंधरा वर्षं कशात घातली याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उरलेल्यांत एक ती होती. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, तिला अजून तिथेच राहायचं आहे. बंदराजवळ साबणाच्या जुन्या कारखान्यात तिचं केंद्र होतं. तिच्या मिनिटात किटली आणि लांबचा भोंगा असायचा. कारखान्यामागची गोदी कामगारांची वस्ती पाडायला घेतली होती. बारा वर्षं ती त्या वस्तीत दारोदार जाऊन आवाज जमवत होती: बायका खिडकीतून मुलांना कशा हाका मारतात, पत्त्यांच्या डावात म्हातारे कसे भांडतात, कोण झोपेत काय बडबडतं. त्यातली बहुतेक माणसं आता हयात नव्हती आणि घरंही नव्हती. तिचं काम सांभाळणारं केंद्र आदल्या वर्षी त्याच्याकडच्या प्रतीसकट बंद पडलं, तेव्हा मी आपणहून सांगितलं, आता तुझं सगळं माझ्याकडे. पण घेऊ पुढे म्हणत वर्ष गेलं, घेतलं काहीच नव्हतं.

पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. कारखाना विकला गेला होता, नोटीस आली होती, सुनावणीला महिना होता. सगळं लवकर घेऊन ठेव, असं तिनं लिहिलं होतं. आमच्या डिस्क गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. सहकारी म्हणाला, एम. जी. रोडला जाऊन संध्याकाळपर्यंत मोठी डिस्क आणतो. त्याची आई चहा घेऊन वर आली होती. त्याचे वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं. ती दारातच थांबली.

"ताई, पितर चालू हे," ती म्हणाली. "आत्ता नवी वस्तू नका आणू. यंदा त्यांचं पहिलं हे. दसऱ्याला आणा, मी हार करून ठेवते."

सहकारी माझ्याकडे बघायला लागला. मी तीर्थोपाध्यांची मुलगी असले तरी यातलं काही मानत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मी मानत नाही, माझ्या आजूबाजूचे मानतात, ही आमच्या शिकलेल्या लोकांची जुनी पळवाट आहे, आणि तिच्यातून मी आयुष्यभर ये-जा केली आहे. घर त्यांचं, जागा त्यांची, दुःख ताजं. मी म्हटलं, बरं मावशी, दसऱ्याला.

बंदरावरच्या तिला काय कळवलं, तर होईल, लवकरच कळवते. आपल्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणवत नाही. महिनाभर जमणार नाही असं सरळ लिहिलं असतं तर तिनं उरलेल्या तिघांपैकी कुणालाही विचारलं असतं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, आठव्या दिवशी विचारलं. मी लिहिलं, डिस्क मागवली आहे, माल यायला उशीर होतोय. परंपरा आणि तंत्रज्ञान या विषयावर जाळ्यातल्या सगळ्यांपुढे तासभर बोललेली बाई मी. आमच्याकडे हा पंधरवडा चालू आहे, म्हणून दुकानात जाता येत नाही, हे कोणत्या तोंडानं लिहिणार होते?

पितृपक्ष संपला, घट बसले. आता अडचण नव्हती. पण दसरा नऊ-दहा दिवसांवर आला होता, मावशींनी हाराची फुलं बाजूला काढायचं ठरवलं होतं, सुनावणीही पुढेच होती. इतके दिवस थांबलो तसे आणखी थोडे, असं मला वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच वाटलं.

दसऱ्याला सकाळी डिस्क आणली. टेबलावर पाट, पाटावर डिस्क. मावशींनी हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. हार एवढा मोठा झाला होता की डिस्क त्याच्याखाली दिसेना. सगळ्यांनी पेढा खाल्ला. मी तिला लिहिलं, सगळं तयार आहे, आज पाठवायला घे.

दुपारी उत्तर आलं. जागा रिकामी करून घेणारे लोक आदल्या दिवशी सकाळीच आले होते. सुनावणीची वाट कुणी पाहिली नाही. आवाज साठवलेली सगळी मशीनं गाडीत घालून नेली, दाराला सील लावलं. तिला ओव्हरकोट घ्यायलाही आत जाऊ दिलं नाही. आणि शेवटी तिनं लिहिलं होतं, की तू प्रयत्न केलास त्याबद्दल तुझे आभार मानते.

ती शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. खाली बायका आपट्याची पानं वाटत होत्या, सोनं घ्या सोनं म्हणत होत्या, आणि मी डिस्कवरचा हार काढून ठेवत होते.

पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी प्रत्येक डिस्क, प्रत्येक जुनी पेटी उपसली. तिनं कधी काही नमुना पाठवला असेल, अर्धवट आलेली एखादी फाईल असेल, आम्ही विसरलो असू. मला खात्री होती की काहीतरी सापडेल, इतकं कसं काही नसेल. सापडली ती फक्त मिनिटं. सहकाऱ्यानं सव्वा वर्षापूर्वी हौस म्हणून शनिवारची मिनिटं साठवायला सुरुवात केली होती. तिच्या खोलीची चौदा होती. किटली, भोंगा, एकदा पाऊस. माणसाचा आवाज एकातही नाही. रिवाजच तसा होता ना, खोली रिकामी असतानाचं मिनिट पाठवायचं. तिसऱ्या दिवशी एक साधी गोष्ट मला सुचली, की डिस्क आणून माझ्या घरी ठेवता आली असती. मावशींना कळलंही नसतं. हे आधी का सुचलं नाही, याचा विचार करत मी पुन्हा पेट्या उपसायला लागले.

मावशींनी नंतर विचारलं, ते परदेशातल्या बाईंचं काम झालं का. मी हो म्हटलं. त्यांना मी आजही खरं सांगितलेलं नाही. दोष त्यांचा नव्हताच. त्यांनी नवऱ्यासाठी पंधरा दिवस मागितले होते, त्याहून जास्त काही नाही.

पुढच्या शनिवारी तिचं मिनिट आलं नाही. तिच्या पाळीला आम्ही चौघांनी एक मिनिट काहीच न ऐकता बसून काढलं. कुणी मला दोष दिला नाही, कारण माल उशिरा आला हेच सगळ्यांना माहीत होतं. एकानं तर माझ्या इथल्या दुकानदारांना शिव्या दिल्या. ते मला सोसलं नाही. त्या आठवड्यात मी तिला लांबलचक पत्र लिहिलं. माल उशिरा आला नव्हता, आणायला आम्हीच गेलो नव्हतो. मग पंधरवडा म्हणजे काय ते लिहिलं: त्या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी स्वयंपाक करतात, कावळ्याला वाट पाहून घास देतात, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही त्यांचीही नावं घेतात, म्हणून नवं आणि मंगल काही करत नाहीत. सोबत ती चौदा मिनिटं पाठवली. माफी मागितली, पण माफ कर असं लिहिलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

दोन महिने काही नाही. मी रोज बघायची. कामाला हात लावला तरी मन लागेना. सहकारी पुन्हा अंबडला नोकरी शोधायला लागला होता आणि मला ते दिसत असूनही मी त्याला थांबवलं नाही.

मग एक दिवस उत्तर आलं. शिवी नव्हती, ओरड नव्हती. तिला फक्त एक गोष्ट समजत नव्हती, तेवढी समजावून सांग म्हणाली. ते उत्तर मला पाठ आहे.

"त्या पंधरा दिवसांत तुम्ही मेलेल्यांना घरी बोलावता, कुणी नसलेल्यांनाही," असं तिनं लिहिलं होतं. "मग माझी माणसं तुझ्या दाराशी आली होती, त्यांना आत का नाही घेतलंस?"

मी ते वाचलं आणि मला वडिलांचं अर्धं सोडलेलं पान आठवलं. मी उत्तर लिहायला बसले, खोडलं, पुन्हा बसले. अजून लिहिलेलं नाही.

यंदा पितृपक्षात गंगेवर नेहमीसारखी गर्दी झाली. सर्वपित्रीला मावशींनी खाली पानं वाढली. मी वर गेले. सहकारी आता तिथे नसतो. दसऱ्याची ती डिस्क वर्षभर पाटावरच पडून होती, कुंकू तसंच होतं. ती मी जोडली आणि त्या साबणाच्या कारखान्याची चौदा मिनिटं एकेक करून तीत उतरवली. उतरवून झाल्यावर पाहिलं. चौदा मिनिटं एवढ्या मोठ्या डिस्कच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. मशीन ती अजून रिकामीच दाखवतं.