दुबईतली भाड्याची खाट

विलास स्वतःच्या बापाच्या घरात बॅग न उघडता राहायचा. सिंदेवाहीच्या त्या घरी कोणी विचारलं की म्हणायचा, "मी इथी राहत नाई. फक्त आलो आहो." असा तो चौदा महिने आलेला होता. टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट जोडून दुबईच्या एका कंपनीचे प्रोग्रॅम लिहायचा, थोरल्या बहिणीच्या, ताराबाईंच्या हातचं दोन्ही वेळा जेवायचा आणि ताटावरून उठताना गावातल्या लोकांना अक्कल नाही असं सांगायचा.

मी चंद्रपूरला कर सल्लागार. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत घरबसल्या परदेशाचं काम करणारा माझ्याकडे तो एकटाच, पण अक्कल पाजळायला दहा जणांना पुरून उरेल असा. दुबईतल्या एका खोलीतली एक खाट त्याने भाड्याने घेऊन ठेवली होती. तिच्यावर तो कधी झोपला नव्हता. तिचा करारनामा माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "घर तिकडं, तं टॅक्सबी तिकडंच. इथलं घर विकलं का झालो मी परदेशी."

मी म्हणालो, "अरे, आपला कायदा घर बघत नाही. वर्षात किती दिवस देशात होतास ते बघतो. एकशे ब्याऐंशी भरले की तू इथलाच."

"तुमचं चंद्रपूरचं ज्ञान राहू द्या, भाऊ," तो हसला.

घर दोघा भावंडांच्या नावावर होतं. अंगणवाडीत जन्म काढलेल्या, लग्न न केलेल्या ताराबाईंना दुसरा निवारा नव्हता. विक्रीच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात मी त्यांना बाजूला घेऊन, घर विकून कर वाचणार नाही, हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं नाई बोलत, भाऊ. पण उद्या काई झालं तं तो म्हणन, बाईनंच आडवलं." त्यांनी सही केली. "नागपूरले फ्लॅट घेऊन देतो तुले," असं विलास पेढा खाताखाता म्हणाला.

पुढे विलासला आयकराची नोटीस आली. अधिकाऱ्याने पासपोर्ट तेवढा मागितला. त्यावर वर्षभरात एकही शिक्का नव्हता. घराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर विलाससाहेब माझ्यावरच घसरले, "तुम्ही मले नीट सांगतलं नाई." असल्या माणसाचा मला राग येत नाही, किळस येते. घराच्या पैशातून कर भरून उरलं ते घेऊन तो खरोखरच दुबईला गेला. फ्लॅटचं नाव पुन्हा निघालं नाही.

दोनेक वर्षांनी ताराबाईंकडे गेलो. पत्र्याची भाड्याची खोली, तीही दुपारी तापणारी. मला चहा देऊन त्या समोर बसल्या.

"विलासचं पत्र आलं, भाऊ. घर विकलं म्हणून टॅक्स वाचला म्हणते." माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "खरं आहे ना?"

"हो ताराबाई," मी म्हणालो. "माझंच चुकलं होतं."