आईचा पहिला घास
गॅसवर वांगं भाजताना सालीचा करपट वास सुटला, की मला पांढरकवड्याजवळचं आमचं वावर आठवतं. एका दुपारी तिथं आईनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, हिरवी मिरची नि पातीचा कांदा घालून कुस्करली, वरून जवसाचं कच्चं तेल सोडलं आणि बाबा-काकांना वाढायच्या आधी स्वतःच भाकरी मोडून खायला बसली. काका हसले, "वहिनी, लयच चटोर झाल्या तुमी!" आईनं तोंडातला घास सावकाश संपवला. "भाऊजी, तुमच्या भावाले सारं गाव खवय्या म्हन्ते. थेबी जिभेनंच खातेत ना? मंग मीबी खवय्याच." बाबांनी ताट पुढं केलं. आईनं ते भरलं, पण दुसरा घास खाऊनच. आज माझ्या घरी पहिला घास मीच घेते. चाखायला नाही, खायला.